अप्पांच्या जीपचा टर्बो

सेलू, ९ ऑक्टोबर २०२४

चि. वैभव यास ईश्वरअप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन आला होता, तरी मुद्दाम पत्र लिहितोय. फोनवर बोललेलं माणूस उद्या नाकारतो. कागदावरचं नाकारता येत नाही.

सोमवारी पोखर्णीला व्याख्यानाला निघालो. जीपमध्ये मी, तुझी काकू, दोन कर्णे आणि पुस्तकांची चार खोकी. पुढे सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली होती, तिला मागं टाकता येईना. शेवटी ट्रॅक्टरवाल्यालाच माझी दया आली. त्यानं बाजूला घेऊन, जा की आता, म्हणून हात केला. तेव्हा जीपला टर्बो बसवायचा हे तुझं म्हणणं पटलं. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच्याकडून इंजिनात जास्त हवा कोंबून घ्यायची! ज्याला हे सुचलं तो माणूस थोर.

पण टर्बोचं तयार किट मला नको. किट विकतो कोण? परभणीचा शिवकांत, ज्याच्याशी तुझ्या बहिणीचं, आपल्या धनश्रीचं, लग्न मार्चमध्ये ठरलंय. होणारा जावई सासरच्या गाडीला आपल्याच दुकानातला माल सुचवतो आणि तुला त्यात काहीच दिसत नाही? माझी जीप त्यानं पाहिलीसुद्धा नाही, आणि त्याचा पाइप तिला बसणार! अंगाचं माप न घेता सदरा शिवणाऱ्याला आपण शिंपी म्हणतो का? तुझे वडील गेल्यापासून या घरात डोळे उघडे ठेवणारा मी एकटाच उरलोय. तुझ्या काकूचं म्हणणं असं की, मी देवळातल्या घंटेलाही आधी टिचकी मारून बघतो. मारतो! तू तुझ्या गॅरेजात आपल्या हातानं घडव.

तुझ्यावर जीव असलेला,
ईश्वरअप्पा

*

पूर्णा, १७ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. अप्पांना शि. सा. न. वि. वि.

अप्पा, किटचा पाइप तुमच्या जीपच्याच जातीच्या कितीतरी गाड्यांवर मापून बनवलेला असतो. टर्बो, तेलाची नळी, पॅकिंग, सगळं एकमेकांच्या ओळखीचं येतं. घरचं करायचं म्हणजे प्रत्येक जोड आपणच ठरवायचा, आणि चुकला तर चूकही आपलीच. आणि शिवकांतनं किट घ्या असं एकदाही म्हटलं नाही. मीच त्याला विचारलं होतं. घंटेचं ठीक आहे, पण माणसाला टिचक्या मारत बसू नका.

तरी तुमचा शब्द मोडत नाही. खरं सांगायचं तर माझेही हात शिवशिवायलेत. नांदेडला भंगारात एका टेम्पोचा टर्बो मिळाला, दोनच वर्षं चाललेला. पाइपचं चित्र धनश्रीनं काढलंय. पॉलिटेक्निक झाल्यापासून ती गॅरेजात माझ्या डोक्यावर साहेबासारखी उभी असते. आरटीओकडे परवानगीचा अर्ज दिलाय. दोन डिसेंबरला सोमवार आहे, तेव्हा पूजेला या.

काकूंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
वैभव

*

सेलू, ८ डिसेंबर २०२४

चि. वैभव यास अनेक आशीर्वाद.

जीप ओढून तुझ्याकडे पोचली असेलच. परवा पोखर्णीहून येताना टर्बोनं आधी शिट्टी घातली, मग तो किंचाळला, आणि मागं निळ्या धुराचा लोट. जाताना याच जीपनं तीन ट्रक मागं टाकले होते! चार दिवस वाघासारखं धावलेलं यंत्र पाचव्या दिवशी आपोआप मरतं?

आता माझं ऐक. पूजा आटोपून मी अंगणात बसलो होतो. तू आत जेवायची पानं मांडत होतास. तेव्हा तो शिवकांत उघड्या इंजिनाशी पाव तास एकटा उभा होता. वाकून बघत होता. कुणी बोलावलं होतं त्याला? ज्याचं किट आपण नाकारलं, त्याला घरचा टर्बो चाललेला बघवेल? त्यानं आत काहीतरी टाकलं आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र संशय नाही.

आजच त्याच्या वडिलांना कळवलं की सोयरीक मोडली. कारणही लिहिलं. आडपडदा ठेवणं माझ्या स्वभावात नाही, आणि दिलेला शब्द मी आजवर मागे घेतलेला नाही. धनश्रीला तू समजाव.

तुमच्याच भल्यासाठी जागा असलेला,
ईश्वरअप्पा

*

पूर्णा, १२ डिसेंबर २०२४

ती. स्व. अप्पांना धनश्रीचा शि. सा. न.

दादा लिहायला धजत नाही, म्हणून मी लिहिते.

टर्बो मी उघडला. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो आणि ते तेल वरच्या एका छोट्या भोकातून आत येतं. तिथं बारीक कण जरी गेला तरी दांडा झिजतो, मग पंखा भिंतीला घासतो. त्या भोकात खालपर्यंत करडी पूड दबून बसली होती. अप्पा, तुमचा अंदाज बरोबर निघाला, कुणीतरी आत टाकलंच होतं. मी बोटावर घेऊन वास घेतला. ते भस्म होतं.

किटमध्ये अशा भोकांना टोपणं लावून येतात, नळी जोडेपर्यंत ती काढायची नसतात. आमच्या घरच्या टर्बोला टोपण कुठलं? दादानं तेलकट चिंधी कोंबली होती आणि नारळ आणायला गेला. आल्यावर चिंधी नव्हती. त्याला वाटलं मी काढली, आणि तुम्ही मुहूर्त टळतोय म्हणून ओरडत होतात, म्हणून त्यानं तशीच नळी जोडली. काल काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या की, पूजेच्या वस्तूच्या तोंडावर मळकं फडकं कसलं, असं म्हणून तुम्हीच ते उपसून फेकलं आणि तीन बोटांनी भस्माचे पट्टे ओढले. शिवकांत आले तेव्हा नळी जोडून झाली होती.

मला भस्माचा राग नाही. राग आहे तो तुम्ही कुणालाही न विचारता पत्र टाकलंत याचा. लग्न माझं होतं. मोडायला तुम्ही एका कागदावर मोडलंत, मी मोडलेलं नाही. ज्या घरात माझ्या माणसाला चोर म्हटलं गेलं, त्या घरून मी अक्षता घेणार नाही, हेही कागदावरच लिहून देते.

काकूंना नमस्कार.

धनश्री

*

सेलू, १५ डिसेंबर २०२४

श्री. शिवकांत यांस शरणु शरणार्थी.

तुमच्या वडिलांना मी जे लिहिलं ते खोटं होतं. टर्बो माझ्या हातानं बिघडला.

या पत्राच्या पहिल्या मसुद्यात माझी कारणं आली होती, दुसऱ्यात सगळ्या समाजाची. दोन्ही फाडले. आता एवढंच लिहितो की, मी चुकलो. येत्या तेवीस तारखेला सेलूच्या चौकात माझं व्याख्यान आहे, हजारभर माणूस असेल. तिथं व्यासपीठावरून मी तुमची जाहीर माफी मागतो. त्यानंतर तरी धनश्रीवर राग धरू नका.

आपला,
ईश्वरअप्पा

*

परभणी, १९ डिसेंबर २०२४

ती. स्व. ईश्वरअप्पा यांस शरणु शरणार्थी, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबांना वाचून दाखवलं. ते परत एकदा वाच म्हणाले.

त्या दिवशी मी पाव तास काय बघत होतो ते सांगतो. वैभवची वेल्डिंग. धुराच्या पाइपचा वळसा त्यानं इतका सफाईनं घेतला होता की, मी विकतो त्या किटमध्येही तसा नसतो. त्याला हे सांगायला थांबलो होतो. पण तुम्ही अंगणातून टक लावून बघत होतात. मी काहीही बोललो असतो तरी तुम्हाला त्यात माल खपवण्याचा डाव दिसला असता, म्हणून गप्प निघून गेलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

चौकातली माफी मला नको. रागावू नका, पण संशय मलाही येतो. हजार माणसांपुढे तुम्ही चूक कबूल कराल, लोक टाळ्या वाजवतील, आणि घरी जाताना म्हणतील की अप्पांचं मन केवढं मोठं. माझ्याबद्दल मात्र एवढंच लक्षात राहील की, कधीतरी त्या पोरावर आळ आला होता. बाबांना तुमचं पत्र आलं ते आमच्या दुकानात, चार गिऱ्हाइकं बसलेली असताना. त्यांनी ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. तेव्हापासून ते गल्ल्यावर बसत नाहीत, आत बसतात.

तेवीस तारखेला व्याख्यान करा, पण माझं नाव घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं इकडे या. दुकानात गिऱ्हाइकं असतीलच, त्यांच्यादेखतच आत जाऊन बाबांना हाताला धरून बाहेर आणा. काय बोलायचं ते तिथंच आणि थोडक्यात बोला. लग्नाचं त्यानंतर बाबा आणि धनश्री मिळून ठरवतील, तुम्ही आणि मी नाही.

येताना काकूंना आणा. जेवायला थांबायचं की नाही, ते बाबांचं तोंड बघून ठरवा.

आपला,
शिवकांत