दरवाज्यावरचा म्हातारा

१२ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

रविवारी सकाळी दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि पुन्हा खाली ओढलं. कोपऱ्यावरच्या बाई शिलाई मशीन घेऊन पायरीवर उभ्याच होत्या. त्यांना सांगितलं, आज भाचीचा सिनेमा आहे, मशीन उद्या. मग देवाला हात जोडले, धुतलेला शर्ट चढवला आणि पहिल्या खेळाला जाऊन बसलो.

आधी चांगलं सांगतो. राजकन्येचा झगा तू शिवलेला आहेस, हे मी कुणी न सांगताही ओळखलं असतं. एवढ्या मोठ्या पडद्यावर टाका एकसारखा दिसत होता. तो पंखवाला अजगरही झकास जमलाय. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर पाय वर घेतले.

पण राजकन्या काही पटेना. लहानपणी तुला ते पुस्तक वाचून दाखवायचो, तेव्हापासून माझ्या डोक्यातली राजकन्या म्हणजे पुढचा दात पडलेली, नाक पुसत ऐकणारी तू. ही भलतीच कोण गोरीगोमटी? तेही चालवून घेतलं. मग धुक्याचा दरवाजा आला, आणि तिथे म्हातारा पहारेकरीच नाही! येणाऱ्याचे गार हात शेगडीवर धरणारा, आधी जेवलीस का म्हणून विचारणारा, वेगवेगळ्या बटणांचा कोट घालणारा तो आपला म्हातारा. त्यालाच गाळला. दरवाजा आपोआप उघडतो आणि पोर एकटी आत जाते. मला बसवेना. मध्यंतरात उठून घरी आलो.

तू विचारशील म्हणून आधीच लिहिलं. तुझ्याशी खोटं बोलणं जमत नाही. पुस्तकाला हात लावण्याआधी या माणसांनी ते नीट वाचलं तरी होतं का, एवढं तुझ्या साहेबांना माझ्या वतीने विचार. आणि पुस्तक तू पुन्हा मागितलंस, पण ते हातातून सोडणं अजून जिवावर येतं. रागावू नकोस.

तुझी आई मात्र माझ्यावर रागावली आहे. पोरीचं पहिलं काम आणि तू अर्ध्यातून उठलास, म्हणाली. प्रकृतीला जप. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
मामा

२० फेब्रुवारी

ती. मामास,
टाचणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. आधी हसले, मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसले. इस्त्रीवाल्या काकू विचारायला लागल्या, सगळं बरं आहे ना?

मामा, आता शांतपणे खुर्चीत बस. तो म्हातारा पुस्तकात नाही.

मलाही माहीत नव्हतं. कामाच्या पहिल्याच दिवशी मी कपडेपटाच्या मास्तरांना विचारलं, पहारेकऱ्याचा कोट कधी कापायचा? मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. कोणता पहारेकरी? मी हट्टाला पेटले, तेव्हा त्यांनी पुस्तकच मागवलं. इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या उभ्या मी ते पान वाचलं. दरवाजा उघडतो, राजकन्या आत जाते, बस्स. पुढे कितीतरी दिवस सगळे मला पहारेकरीण म्हणत होते.

मग आठवलं. त्या पानाशी आलं की मी दुकानातल्या तुझ्या स्टुलाला घट्ट धरायचे आणि पुढे वाचू नको म्हणायचे. एकदा तू तेलाची कुपी हातात घेऊन थांबलास, आणि म्हणालास, घाबरू नको, दरवाज्यावर एक म्हातारा आहे. तेव्हापासून त्याला दर वेळी यावंच लागलं. तू विसरलास, मी विसरले, आणि तो आपला पुस्तकातलाच होऊन बसला.

हे तुला सांगणारच नव्हते. पण तुझी तक्रार वाचून राहवेना, कारण तो सिनेमात आहे. उरलेल्या चिंध्यांतून मी त्याचा कोट शिवलाच होता, कुणी सांगितलं नसताना. मास्तरांनी बघितला आणि शेवटच्या गर्दीतल्या एका आजोबांच्या अंगावर चढवला. शेवटच्या, मामा. मध्यंतरानंतरच्या.

झग्याचं कौतुक सगळे करतात. कोट मात्र मी एका माणसासाठी शिवला आणि तोच उठून गेला. पुन्हा जा असा आग्रह नाही. पण सिनेमा आवडला नाही हे मला शेवटपर्यंत पाहून सांग. अर्ध्यावरून सांगितलेलं मनाला लागतं.

आईला नमस्कार. रागावला असलास तरी लिहीत राहा.

तुझीच,
टाचणी

९ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तरी पुस्तक लगेच उघडलं नाही. धीर होईना. शेवटी उघडलं. दरवाजा, धुकं, राजकन्या. म्हातारा नाही. पान चिकटलंय की काय म्हणून उजेडात धरूनही पाहिलं.

तुझी आजी आजारी होती तेव्हा दवाखान्याच्या दारातून आत जाताना मी मनात त्याच्याशीच बोलायचो. पुस्तकातला भला माणूस म्हणून. आता विचार करतो, तो आला कुठून? मी त्याला घडवल्याचं काही आठवत नाही. तू घाबरली होतीस, मी तोंड उघडलं आणि तो आला. ज्याने पाठवला त्याला रोज हात जोडतोच, आता थोडे जास्त जोडतो. पण मग एकाएकी हसूच फुटलं. पुस्तक बदललं म्हणून सिनेमावाल्यांना बोल लावणारा मी, आणि सगळ्यात मोठा फेरफार माझाच. कोपऱ्यावरच्या बाईंना वाटलं, त्यांच्या मशीनला हसतोय.

तरी पुन्हा जाणं होत नव्हतं. तिकिटाच्या खिडकीपर्यंत जायचो आणि वळायचो. तिथेही तो दिसला नाही तर, ही भीती. परवा तुझ्या आईने दंडाला धरून नेलं. अजगराच्या लढाईत ती छान झोपली.

शेवटची गर्दी आली. एक आजोबा पाठमोरे वळले, हातांवर फुंकर घातली आणि गेले. तेवढंच. पण वळता वळता कोट दिसला. वरून दुसरं, ते चिरलेलं तपकिरी बटण माझ्या दुकानातल्या बटणांच्या डब्यातलं आहे, टाचणे. कधी उचललंस? मी तुझ्या आईला हलवून उठवलं, तोवर आजोबा गेले होते. मग नावं सुरू झाली. सगळे बाहेर पडले, झाडूवाला खोळंबला, आणि आम्ही दोघं तुझं नाव येऊन जाईपर्यंत उभे होतो.

राजकन्या मला अजूनही पटलेली नाही. शेवटपर्यंत पाहून सांगतो आहे. बाकी तुझ्या हाताला यश आहे.

पुस्तक काल टपालात टाकलं. त्या पानावर म्हाताऱ्याची ओळ लिहावी म्हणून पेन्सिल टोकदार केली होती, पण ठेवून दिली. पान होतं तसंच आहे. पुढे कुणाला वाचून दाखवशील आणि ते पोर तिथे घाबरेल, तेव्हा जरा थांब. तो येईल.

तुझा,
मामा