क्लिफचं मत

लाडक्या भावा क्लिफ,

तुला माती देऊन आज नऊ दिवस झाले. पत्र टाकायला आता पत्ता नाही, पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

मतदानाच्या आठवड्यात तू इस्पितळातून निवडणूक कचेरीला माझं नाव कळवलंस. तुझ्या वतीनं मत मी टाकायचं होतं. म्हणालास, "डोरीन, या खेपेला निळ्यांना."

माझं डोकंच फिरलं. "बाबा वर्षभर खाणीच्या संपात होते, आपण फुकटच्या सूपवर जगलो, आणि तो संप मोडणाऱ्या निळ्या पक्षाला? लाज नाही वाटत?"

"तुझ्या लाल पक्षानं तरी इथं काय दिवे लावले? आणि मत माझं आहे, बाई."

तीस वर्षं मी कोटाला लाल फितीचं फूल लावून या गल्ल्यांत कामगारांच्या पक्षासाठी मतं मागत दारं ठोठावली. त्या दिवशी चर्चच्या सभागृहात माझ्या हातात दोन मतपत्रिका होत्या. दोन्हींवर मी लालसमोरच मताची फुली मारली.

संध्याकाळी तू विचारलंस, "टाकलंस ना?"

"टाकलं, तू सांगितलंस तसंच."

तू माझा हात थोपटलास.

आमचा लाल उमेदवार नऊ हजारांनी निवडून आला. तुझ्या एका मतावाचून काहीसुद्धा अडलं नव्हतं रे.

दफनानंतर क्लबात तुझा दोस्त हर्बर्ट बीअर घेऊन शेजारी बसला. म्हणाला, "मी त्याला म्हटलं होतं, ती कट्टर लाल, मत माझ्याकडे दे. तर म्हणाला, डोरीन भांडेल माझ्याशी, पण फसवणार नाही."

मी हर्बर्टला म्हणाले, "खरंय."

तुझी भांडखोर,
डोरीन