डाळिंबं निजवायची वेळ

कुवा, १८ ऑक्टोबर १९८७

चि. एर्गाश यास सनोबरआपाचे अ. आ. वि. वि.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. बऱ्या म्हणजे उठतो, बसतो. माझे गुडघे संपले. डाळिंबं तोडून झाली, आता थंडीआधी झाडं मातीखाली निजवायची. एकाने फांद्या बांधून झाड वाकवायचं, वर बसायचं, दुसऱ्याने माती ओढायची. हे तुला लिहून कळवावं लागतं, कमाल आहे. तीन वर्षं तुझ्या वाटची माती मीच ओढते आहे.

यंदा तू ये. झाडं राहू देत, बायकोसाठी ये. हुर्मत तोंडातून शब्द काढत नाही. शेजारणी मला विचारतात, भावजयीचा नवरा आहे ना जिवंत? मी म्हणते, आहे, रशियात ट्रॅक्टर करतो. हसतात मेल्या.

कंटाळले रे. आशीर्वाद आहेतच, तेवढे पुरवून वापर.

तुझी आपा

—

चेल्याबिन्स्क, २७ ऑक्टोबर

ती. सनोबरआपास सा. सलाम. वि. वि.

रजा मागितली आहे, बहुतेक मिळेल. तोवर थांबा, आपण मिळून करू. नाहीच जमलं तर एवढा खटाटोप कशाला? झाडं उभीच ठेव आणि गोधड्या गुंडाळ. गाल्या आमच्या खिडकीतल्या लिंबाला तसंच करते, मस्त जगलंय. गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळ. हुर्मतची चौकशी केली म्हणून सांग.

राग धरू नकोस, माया असू दे.

एर्गाश

—

कुवा, १६ नोव्हेंबर

चि. एर्गाश यास अ. आ. वि. वि.

तुझं घाईचं अक्षर मला लागत नाही, म्हणून पत्र हुर्मतने वाचून दाखवलं. गाल्यापाशी थांबली. मग लिंबासकट शेवटपर्यंत वाचलं, चहा केला. गाल्या कोण ते मी विचारत नाही. गोधड्या खिडकीतल्या कुंडीला पुरतात, कुव्याच्या थंडीला नाही, हेही विसरलास.

तरी तू थांबा म्हणालास म्हणून थांबलो. चूक माझी, हुर्मत रोज म्हणत होती, आपा, आज करू या. तेवढ्यात दंव गोठलं, लाकूड ताठलं. काल निजवायला घेतली. विहिरीजवळचं वाकवताना बुंध्यातून कडाड्‌ आवाज आला. हुर्मत वर बसलेली. मी म्हटलं, ऊठ, मोडलं ते. तर म्हणते कशी, मोडलं तरी मी बसते, तुम्ही माती टाका.

मला ते बघवेना. फावडं टाकलं, हाताला धरून तिला उठवलं. रात्री तिचं बोचकं मीच बांधलं आणि आज सकाळी मार्गिलानला तिच्या आईच्या हवाली करून आले. दारात माझ्या गळ्यात पडली. तिच्या आईला म्हटलं, आमच्याकडून मोकळी आहे, चांगला माणूस बघा. मुल्लाला निरोप पाठव आणि तुझ्या तोंडाने तिला सोड. एवढं काम तरी वेळेवर कर.

उरलेली झाडं तिचे भाऊ येऊन निजवणार आहेत. तू रजेसाठी कुणाच्या पाया पडू नकोस. कधी यावंसं वाटलं तर गाल्याला घेऊन ये, पाहुण्यासारखा. चहा देईन.

लोभ आहे. तो उपटून टाकण्याइतकी ताकद आता माझ्यात नाही.

सनोबर