सतराव्या नाण्याचा आवाज

बाबूजी, तुमच्या हातची एक माळ गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर आली. दरेकशाकडच्या एक मावशी ती फडक्यात बांधून घेऊन आल्या होत्या. इंग्रजांच्या काळातले बावीस चांदीचे राणीछाप रुपये, प्रत्येकाला वर एक कडी, काळ्या दोऱ्यात ओवलेले. गोंदियात मी जिथे काम करते त्या तपासणी केंद्रात सहसा सराफांची माणसं येतात, डब्यात दागिने घेऊन, पावती घेऊन. मावशी थेट आत आल्या आणि उभ्या राहिल्या.

"तुया बापानं मले ठगवलं का, ते पाहून सांग. बाकी काही नोको सांगू."

मी म्हटलं, "मावशी, बसा आधी."

"बसाले नाही आली मी."

मग हळूहळू कळलं. घरावरचे मातीचे कवेलू माकडं फोडून टाकतात म्हणून त्यांना टिनाचे पत्रे घ्यायचे होते. त्यासाठी अर्धी माळ विकायला त्या बाजारातल्या एका चांदीच्या व्यापाऱ्याकडे गेल्या. त्याने दोन-तीन नाणी कसोटीवर घासली, एक खोटं निघालं, आणि दुकानातल्या लोकांसमोर तो म्हणाला, "पूरी माला ऐसी ही होगी. गलाने के भाव ले लूँगा." कड्या कोणी लावल्या हेही त्याने विचारलं. मावशींनी तुमचं नाव सांगितलं. तो हसला. त्या हसण्याचा राग घेऊन मावशी माझं ठिकाण विचारत आल्या होत्या.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. त्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत नाही. मी धातुशास्त्र शिकले. दिवसा मशीनवर चांदी-सोन्याची शुद्धता तपासते. बाजारातले लोक त्याला कॅरेट मशीन म्हणतात. संध्याकाळी घरून जुनी नाणी ऑनलाइन विकते. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो टाकते, वजन दोन दशांशांपर्यंत लिहिते, ओरखडा असेल तर तो कुठे आहे तेही लिहिते. आजवर माझ्याकडून गेलेलं एकही नाणं तक्रार म्हणून परत आलेलं नाही. हे मी कोणाला सांगत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण ही सवय तुमची आहे. सातवीत असताना एका बाईने तोड्याचं वजन विचारलं आणि मी तराजू न लावता आकडा सांगून टाकला. तुम्ही तोडा माझ्या हातातून काढून घेतलात. "अंदाज भाजीतल्या मिठाचा करायचा. चांदीचा नाही." त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. पण नंतर मी कोणत्याच वजनाचा अंदाज केलेला नाही.

माळ पाहताच कड्या तुमच्या आहेत हे मला कळलं. बाकीचे कारागीर कडी जमेल तिथे चिकटवतात. माळ घातली की राणी तिरपी लटकते. तुम्ही प्रत्येक नाणं आधी सुतावर टांगून पाहायचात, मुकुटाच्या मागची जागा ठरवायचात आणि मगच डाख लावून कडी सांधायचात. डाखेचा एक थेंबही चेहऱ्यावर ओघळलेला नसायचा. सालेकशाच्या बाजारात तुम्ही पोत्यावर बसलेले आहात, तोंडात फुंकणी आहे, गाल फुगलेले आहेत, आणि ज्योत सुईसारखी बारीक होऊन कडीच्या सांध्यावर वळते आहे. समोर चार बाया उकिडव्या बसल्या आहेत. कुणी घाई केली तरी तुम्ही उत्तर देत नाही, कारण तोंडात फुंकणी आहे.

मी मावशींसमोरच तपासायला घेतलं. प्रत्येक नाणं सुटं करून, दोन जागी, एकदा चेहऱ्यावर आणि एकदा कडेला, डाखेपासून लांब. आकडा आला की मोठ्याने वाचायचा आणि कागदावर लिहायचा. एक्क्याण्णव पूर्णांक सहा टक्के चांदी. एक्क्याण्णव पूर्णांक चार. टाकसाळीचे जुने रुपये जसे असायला हवेत तसे. सोळा नाणी होईपर्यंत मी एकदाही मावशींकडे पाहिलं नाही. सतराव्या नाण्यावर कसोटीवर घासल्याची ताजी खूण होती. चेहऱ्यावर एक्काहत्तर, कडेला अडतीस, बाकी तांबं. ओतीव नाणं, वरून चांदीचं पाणी. मी तोही आकडा मोठ्याने वाचला. मग उरलेली पाच. पाचही खरी.

"एक खोटं आहे मावशी. एकवीस खरी आहेत."

 ओळीने मांडलेल्या नाण्यांना बोट लावून मावशींनी माळेतल्या जागा आठवल्या. एकोणीस त्यांच्या सासूची होती. तीन कमी पडत होती ती तुम्ही तुमच्या डब्यातून दिली होती. सतरावं त्या तिनातलं.

"म्हंजे तुया बापानंच देल्लं." त्या एवढं बोलल्या, आणि मग माझ्याकडे डोळे बारीक करून पाहू लागल्या. "थांब. त्या दिशी तुया बाप फुंकनी फुकून राहिला होता. गोट्यावर रुपये वाजवाले तूच बसली होती न?"

मी हो म्हटलं. कडी लागली की नाणं नीट वाजत नाही, म्हणून आधी गिऱ्हाइकासमोर काळ्या दगडावर वाजवून दाखवायचं, हा तुमचा नेम होता. खरं नाणं खणखणतं, खोटं ठप्प वाजतं. माझ्या दहाव्या वर्षापासून ते काम माझ्याकडे होतं.

मावशी एकदम हसल्या. राग कुठे गेला कोण जाणे. "पाय बरं! एवढी शिकली, मशीन आनली, अन् तवा कान कुठी ठेवले होते? जाऊ दे. दहा वर्साची पोट्टी, चुकली अशीन. तुया बाप खोटा नव्हता, येवढंच मले पायजे होतं."

"हो मावशी," मी म्हटलं, "मीच चुकले."

सतरावं नाणं मी ठेवून घेतलं आणि त्याच्या जागी माझ्याकडचं एक खरं दिलं. मावशींनी अकरा नाणी विकायला माझ्याकडे सोपवली. बाकीच्या अकरांची माळ मी तिथेच ओवून दिली. एकवीस नाण्यांचा अहवालही दिला, शिक्का मारून, आणि त्या तो घेऊन आधी त्या व्यापाऱ्याच्या दुकानात गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी फोनवर सांगितलं, पण त्यातले शब्द मी इथे लिहिणार नाही. तुम्ही हसला असता.

कडी लावलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात. काही विक्रेते कडी उखडून, जागा घासून नाणं कडी न लागलेलं म्हणून खपवतात. मला ते चांगलं जमलं असतं. कुणाला भिंगाखालीही कळलं नसतं. मी कड्या तशाच ठेवल्या आणि लिहिलं, "कडी जोडलेली, मुकुटामागे, हातकाम." एका ग्राहकाने चार घेतली आणि विचारलं की असं काम करणारा कारागीर अजून आहे का. मी उत्तर दिलं, "नाही. माझे वडील होते." इतकी खासगी गोष्ट मी ग्राहकाला पहिल्यांदाच लिहिली. मावशींच्या घरावर पत्रे बसले आहेत.

हा कागद मी अहवालांच्या फाइलमध्ये घालणार नाही, आणि कुणाला दाखवणारही नाही, कारण एक नोंद राहिली आहे. मावशींची माळ केली त्या दिवशी बाजारात तुम्ही फुंकणी बाजूला काढून बायांना म्हणालात, "हिचे कान माझ्यापेक्षा तेज आहेत." तुम्ही माझं कौतुक चारचौघांत असं कधीच केलं नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. पुढचं नाणं मी दगडावर टाकलं. ते ठप्प वाजलं. पुन्हा वाजवायला हवं होतं, तुम्हाला थांबवायला हवं होतं. मी "खरं" म्हणाले आणि तुमच्या हातात दिलं. मावशींना मी सांगितलं की मी चुकले. चुकले नव्हते, बाबूजी. मला बरोबर ऐकू आलं होतं.