चवीपुरतं

चाकण
१८ जानेवारी २०२५, शनिवार

चि. नवनाथ,

अक्काचा आशीर्वाद. तू घेत नसलास तरी देतेय. फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. अक्षराला हसू नको, चौथीनंतर आज पेन धरलाय.

आमचं झकास आहे. खानावळीतून आता ऐंशी डबे कंपनीत जातात. हाताशी करिष्मा आहे. पोरगी कामाला वाघ, पण तोंडानं फटकळ, माझ्यासारखीच. पायावर जरासं तेल उडालं होतं. ते काही नाही.

गेल्या आठवड्यात कंपनीनं फर्मान काढलं, डबे देणाऱ्या बायकांनी तपासणी करून कागद दाखवायचा. करिष्माला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर तीनशे बारा आहे."

मी म्हटलं, "मशीन बघा तुमचं. मला जेवायला फुरसत नाही, साखर येईल कुठनं?"

"मग दिवसभर खाता काय?"

"काही नाही!"

तर करिष्मा मध्येच तोंड घालते, "मावशी, मग चव कोण घेतं?" आणि लागली की सांगायला. आमटीची वाटी, भाताचे दोन घास, शिरा गोड झाला का बघायला एकदा, वेलची लागली का बघायला परत, आणि पातेल्याला चिकटलेला टाकवत नाही म्हणून तोही. वर येईल त्या गिऱ्हाइकाबरोबर अर्धा कप चहा. ताट घेऊन बसले नाही म्हणजे जेवले नाही, अशी माझी अठरा वर्षं समजूत! डॉक्टरीणबाई हसून लाल. मी पण हसले, करते काय.

आता चव करिष्मा घेते. गुरुवारी वरण एवढं खारट, की पोरं म्हणाली, "काकू, कोकणातनं पाणी आणलं का?"

पायाचं खरं सांगते. ती जखम दोन महिने भरत नाही. मी हळद दाबून वर मोजा चढवत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इन्सुलिन घ्या, नाहीतर बोट जाईल. रोज, आपल्याच हातानं, पोटात.

उकळत्या तेलापुढे उभी राहते रे मी, पण ती सुई हातात घेतली की परत ठेवून देते. चार दिवस इंजेक्शन फ्रिजमध्ये दह्याशेजारी बसून आहे.

भाऊबीजेला तू दाराआड तेच टोचत होतास. आणि मी माझ्या सासरच्यांसमोर ओरडले, "जिभेवर ताबा नाही, त्याचे भोग!" तू ओवाळून न घेता उठलास. मी निरांजन धरून तशीच. वाटलं, येईल झक मारत. नाही आलास.

माझं चुकलं. लिहिलंय बघ, दुसऱ्यांदा लिहायला लावू नको.

कागद मिळाला की येत्या रविवारी ये. पहिल्यांदा तू टोच, मग मी टोचते. मी ओरडले तरी उठून जाऊ नको.

वयानं मोठी, पण या कामात तुझ्या हाताखालची,
अक्का