खंडेनवमीला सव्वीस मशिनी

२३ सप्टें., मंगळ.
टोकावड्याहून आले. मशीन आणली. एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे लगेज का पाव्हणा?" म्हटलं, पाव्हणाच, फाड तिकीट. हाताने फिरवायची आहे, लाकडी पेटीतली. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी हात टेकायचा तिथेच तेवढी झिजलीय, बाकी जशीच्या तशी. देताना म्हातारी अनसूयाबाई म्हणाली, "सून भंगारात टाकाया निघाली व्हती. तुज्याकडं राहूं दे. तेल घाल गो तिला." बदल्यात काय मागितलं, तर एक झंपर. ह्याच मशीनवर शिवलेलं.
घरी ह्यांनी पेटी पाहिली. "काय आणलंस?" "भांडी." खाटेखाली सरकवली. नवऱ्याच्या हिशेबी घरात अकरा मशिनी आहेत. असू देत अकरा.

२६ सप्टें., शुक्र.
सकाळभर डिझेलने धुतली. चाक जाम. जुनं तेल गुळाच्या पाकासारखं घट्ट बसलेलं. थेंब सोडायचा, हलवायचं, परत थेंब. सव्वातीनला फिरलं, एकदम हलकं. खोटं कशाला लिहू, नातू झाला तेव्हाही एवढी ओरडले नव्हते. जाऊबाई मंदा भिंतीपलीकडून, "काय झालं गो? साप निघाला?"
चिंधीवर टीप घालून पाहिली. काय टीप! हल्लीच्या प्लास्टिकच्या मशिनींनी हिच्या पाया पडावं.
वय एकसष्ट आणि हा नाद. लोक दारू पितात, त्यांना कोणी विचारत नाही.

२९ सप्टें., सोम.
परवा खंडेनवमी. डोक्याला ताप. हत्यार पूजेवाचून ठेवायचं नाही, आईने चापट मारून शिकवलंय. घरातली कात्रीसुद्धा त्या दिवशी पाटावर. मग पडवीतल्या अकरांना हार, आणि कणगीमागच्या, माळ्यावरच्या, गोठ्यात पेंढ्याखालच्या, खाटेखालच्या काय सावत्र? दर वर्षी हे बाहेर गेले की घाईघाईत कुंकू टेकवून येते. स्वतःच्याच घरात चोर. यंदा नाही.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
सगळ्या काढल्या अंगणात. पायमशिनी मागे, हातमशिनी पुढे पाटांवर. झेंडू पुरेना, अर्धा अर्धा हार. हे आसनगावहून बाजार घेऊन आले आणि फाटकातच थांबले. मंदा बोट नाचवत मोजत होती, "चोवीस, पंचवीस, सव्वीस! भावोजी, तुमी तं अकरा बोलत व्हते!" अख्खी आळी जमलेली.
हे एवढंच म्हणाले, "अजून हायेत?" हाताला कुंकू लागलेलं, खोटं बोलवेना. नाही म्हटलं, खरंच नव्हत्या.
ते जेवायला बसले नाहीत. मी बसले. दोनदा भात घेतला.

४ ऑक्टो., शनि.
आज बोलले. "भात कापाया आलंय. कणगीच्या खोलीत तुजं लोखंड. भात काय डोक्यावर ठेवू?" ह्यात खोटं काही नाही. इथे लिहिते, तोंडाने कबूल करणार नाही.
कल्याणचा कोणी व्यापारी शोधलाय. हॉटेलांना माल देतो. पायमशिनींचे लोखंडी पाय घेणार, वर काच टाकून टेबलं करणार. हातमशिनी शोभेला. "आणि पायमशिनींची डोकी?" "ती भंगारात." इतकं सहज!
मी म्हटलं, एकही जाणार नाही. "मी पुढल्या रयवारी बोलावलाय त्याला." बोलवा.

७ ऑक्टो., मंगळ.
कडाक्याचं भांडण. "येका बाईला येक मशीन पुरे," म्हणाले. तोंडातून निघून गेलं, "एक होती माझी."
चाळीस वर्षं हा विषय काढला नव्हता. लग्नात बाबांनी दिलेली, मुरबाडहून एसटीच्या टपावर आलेली. दुसऱ्याच वर्षी सासूबाईंनी नणंदेच्या रुखवतात मांडली. नवीन कशाला घ्यायची, घरात आहे ना. मीच पुसून, हळदकुंकू लावून दिली. हसत दिली. ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.
हे म्हणाले, "कोन्ती मशीन?"
सोंग नव्हतं. सोंग मला कळतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. भांडायचं सोडून मी रडत बसले, त्याचाच जास्त राग आला.

९ ऑक्टो., गुरु.
मंदाचा सल्ला: "दोन ठेव, बाकीच्या दे. भावोजी चांगले हायेत गो, मारत तं नाय कदी." मारत नाही म्हणून आरती ओवाळू?
ह्यांना सांगितलं, माझी खाट काढा, तिथे भात ठेवा. मी मशिनींत झोपेन.
अनसूयाबाईचं झंपर झालं. काजंबटणं राहिलीत.

१२ ऑक्टो., रवि.
व्यापारी आला. टेम्पो, दोन हमाल. टेप लावून पाय मोजायला लागला. मी स्टूल ओढलं. "आधी एकेक चालवून दाखवणार. मग डोकं तुम्ही स्वतःच्या हाताने काढायचं, माझ्यासमोर." "चालवून काय करू ताई? आपल्याला पायच पायजेत." "बघायचं."
पहिली शहापूरच्या नर्सबाईंची. सुट्टीच्या दिवशी बाळांची झबली शिवायच्या. टीप. दुसरी उंबरमाळीच्या सखूबाईची. तिघी मुलींची शाळा हिच्यावर झाली. टीप. चिंधी प्रत्येक वेळी त्याच्या हातात दिली. ओढून बघा म्हटलं, उसवते का. हमाल खाली बसून ऐकायला लागले. एकजण म्हणाला, "सेठ, हमारी माँ के पास भी थी." सेठ घड्याळ बघतोय.
नवव्या मशीनला दीड वाजला. एकही डोकं काढलं नाही त्याने. "पुढच्या रविवारी येतो, मालकांशी फोनवर बोलतो," म्हणाला. मालक म्हणजे हे! टेम्पो रिकामा गेला.
हे ओटीवरच बसलेले, सकाळपासून. म्हणाले, "धावी मशीन कुनाची व्हती?"
नाही सांगितलं.

१४ ऑक्टो., मंगळ.
कापणीला सुरुवात. दुपारी बांधावर भाकरी खाताना व्यापाऱ्याचा फोन. ह्यांनी फोन छातीशी धरला. "रयवारी येतो बोलतो. येऊं दे का?"
"येऊ दे," म्हटलं. "सतरा बाकी आहेत."