कप्तानाचे मफिन

पुणे, रविवार पेठ
कार्तिक शुद्ध ५, शके १७१५
दिवस चार घटका वर. कणीक फुगायला ठेवून तिच्याकडे पाहत बसलो असताना

तीर्थस्वरूप रहीममामू यांस हुसेनचा सलाम. वि. वि.

मामू, इकडे मोठीच गोष्ट झाली! संगमावरच्या इंग्रजांच्या बंगल्यातला खानसामा आपल्या भट्टीवर आला होता. तिथल्या एका कप्तानाचे पोट बिघडले आहे. वैद्याने मैदा बंद करून कोंड्यासकट गव्हाचे खायला सांगितले आहे, पण कप्तानाला न्याहारीला मफिनच हवे. मफिन म्हणजे तळहाताएवढी, दोन बोटे जाड रोटी. ती तंदुरात लावत नाहीत, तव्यावर भाजतात. पसंत पडली तर रोज चोवीस! अब्बांनी सांगितले आहे की जमले तर तवा माझा, नाही तर तराजू आहेच. सात वर्षे मी पीठच तोलतो आहे, हे आपण जाणताच.

पहिली खेप बाहेरून कोळसा, आतून कच्ची. तंदुराच्या सवयीने जाळ मोठा ठेवला होता. दुसऱ्या खेपेला जाळ मंद केला, तव्यावर रवा भुरभुरला, आणि मामू, काय फुगल्या! बारा पाठवल्या. इंग्रज सुरीने जेवतात, म्हणून प्रत्येकीला मधोमध दोरा लावून खूण केली आणि धारदार सुरीने दोन चकत्या केल्या. एकही वाकडी नाही.

तरी सगळ्या परत आल्या. कप्तान म्हणाला म्हणे की ही फळी आहे, लोणी घसरून बशीत जाते, आत जाळी कुठे आहे? खानसामा चार दिवसांनी येईल, तीच शेवटची संधी. माझे काय चुकले? पत्र गेनबा गाडीवानाकडे देत आहे. उत्तर त्याच्याच हाती द्यावे. भाच्यावर लोभ आहेच, तो या खेपेपुरता थोडा जास्त असावा.

आपला हुसेन


सासवड, कार्तिक शुद्ध ७

चि. हुसेन यास रहीममामूचे अ. उ. आ.

पत्र पोहोचले. तुझी मामी ऐकून इतकी हसली की डाळ करपली. ती विचारते, दोरा लावलास तर सुताराचा काटकोन पाहायचा गुण्या का बाकी ठेवलास?

कोंडा पाणी उशिरा पितो. कणीक हाताला चिकटेल इतकी सैल ठेव, आणि चिकटते म्हणून वर पीठ मारू नकोस. तू मारणार. मी तुला ओळखतो.

दुसरी गोष्ट लिहायला मलाच लाज वाटते. रोटीला सुरी? तुझ्या नानीसमोर कोणी असे केले असते तर त्या दिवशी त्याला जेवण मिळाले नसते. आपल्या घरात रोटी हाताने मोडतात. सुरीने आतली भोके दाबून बुजतात. लोणी जाणार कुठे? गोऱ्याची रीत शोधताना घरची विसरलास. कडेने बोटांनी उकल. कड वाकडीतिकडी होईल. होऊ दे. कप्तानाच्या तोंडातही दातच आहेत.

मामीचा दुवा. काळजी कमी कर, नाही तर तूही कोंडा खायला लागशील.

रहीम


पुणे, कार्तिक शुद्ध १०
दिवस सहा घटका वर; तव्यासमोर उभ्याने

तीर्थस्वरूप मामूंना आणि मामींना हुसेनचा सलाम. वि. वि.

जमले, मामू, जमले! कणीक चिकटली तेव्हा दोनदा हात पिठाकडे गेला. दोन्ही वेळा आपले पत्र आठवून मागे घेतला. काल खानसाम्यासमोर पहिली रोटी अंगठ्यांनी उकलली. कड इतकी वेडीवाकडी झाली की मी ती तळहाताने झाकली. पण आत पाहिले तर मधाच्या पोळ्यासारखी जाळी! वर लोणी ठेवले ते आत गेले आणि बाहेर आलेच नाही. खानसाम्याने एक खाल्ली. मग म्हणाला की एकीवरून काही ठरवता येत नाही, आणि दुसरी खाल्ली.

आज सकाळी निरोप आला. कप्तानाने चार खाल्ल्या. वैद्याने दोनच सांगितल्या होत्या. उद्यापासून रोज चोवीस. अब्बांनी उरलेली एक उचलून मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि ते पुढे निघून गेले.

सुरी कांद्यांकडे परत गेली आहे. आपण दोघांनी एकदा येऊन गरम खावी, एवढा हट्ट पुरवावा.

आपला हुसेन

ता. क. अब्बा पुढे जाऊन माझ्या जागी तराजूवर बसले आहेत. आतापर्यंत दोन गिऱ्हाइकांना पावशेर पीठ जास्त गेले. मी पाहिले आणि पुढची रोटी तव्यावर टाकली.